बोल्ट करकरला की थांबायचं

बाबांना ऐकू येत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, फक्त बाबांना मान्य नाही. जन्म गेला सूतगिरणीत, फिटर म्हणून, त्या खडखडाटात. कान राहतील कसे शाबूत? पण विषय काढला की उलट आमच्यावरच उखडतात. म्हणे आम्ही तोंडातल्या तोंडात पुटपुटतो!

गेल्या आठवड्यात बाबा आईला गुडघ्याच्या व्यायामाला गाडीतून नेत होते. मागून ट्रक हॉर्न वाजवून वाजवून दमला, पण यांना पत्ताच नाही. आईने घरी आल्या आल्या मला सांगितलं. मी सरळ म्हटलं, "बाबा, गाडीची किल्ली द्या. आईला मी नेईन."

तेवढ्यात गाडीनेच मान टाकली. खाली हिरवं पाणी ठिबकायला लागलं, इंजिन तापायला लागलं. वॉटर पंप गेला होता. मी गॅरेजचं नाव काढलं तर बाबा खेकसले, "गॅरेज कशाला? मी काय मेलोय? पंप मी बसवणार. गाडी नीट चालली तर कानांचा विषय कायमचा बंद. नाही चालली तर किल्ली तुझी. कबूल?"

मीही हट्टाला पेटले. म्हटलं, "कबूल."

रविवारी सकाळी अंगणात पसारा मांडला. माझं काम ठरलेलं, बॅटरीचा उजेड धरायचा. लहानपणापासून तेच. पाना म्हणून कधी हातात दिला नाही. "मी करते" म्हटलं की उत्तर एकच, "उजेड इकडे दाखव." बाबांनी रेडिएटरमधलं पाणी टबात काढलं, पंप फिरवणारा पट्टा उतरवला, जुना पंप सोडवला, त्याच्यामागे चिकटलेलं गॅस्केटचं पॅकिंग खरवडून जागा लख्ख केली. हात अजून असा चालतो की बघत राहावं. त्याचाही मला रागच येत होता.

नवा पंप बसला. आता बोल्ट आवळायचे. बाबांची पद्धत गिरणीतली, आवळत जायचं आणि बोल्ट करकरला की थांबायचं. किती आवळलं ते मोजणारा पाना त्यांच्या लेखी नवशिक्यांचं खेळणं.

पहिले दोन नीट बसले. तिसरा करकरला. मला स्पष्ट ऐकू आलं. बाबा आवळतच राहिले.

"बाबा, झाला! थांबा!"

परत करकरला. मी जिवाच्या आकांताने ओरडले. काड्‌कन बोल्टचं डोकं तुटून टबात पडलं.

"हलका माल," बाबा म्हणाले. "हल्ली बोल्टसुद्धा धड मिळत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या तोंडासमोर जाऊन मी किंचाळले, "माल हलका नाही! तो दोनदा वाजला! आईला मारायचंय का तुम्हाला?"

हे त्यांना ऐकू गेलं. ते पायरीवर बसले. फडक्याला हात पुसले. मग विचारलं, "दोनदा?"

"दोनदा."

त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "तू आवळ."

आता! इतकी वर्षं मागून दिला नाही, आणि आता! पाना भिरकावून द्यावासा वाटला. नाही भिरकावला. पंप पुन्हा उतरवला, बोल्टचं राहिलेलं टोक पकडीने धरून हळूहळू फिरवत काढलं, पंप परत बसवला, दुसरा बोल्ट आणून लावला. करकरला की थांबत गेले. बाबा बॅटरी धरून उभे होते, आणि शप्पथ सांगते, उजेड एकदाही चुकला नाही.

पट्टा चढवला, रेडिएटरमध्ये नवं हिरवं कूलंट भरलं, इंजिन सुरू केलं. थेंब गळला नाही. गाडी नीट चालणार होती. बाबा म्हणू शकले असते, पंप बसला, मी जिंकलो. त्यांनी आईला हाक मारली, तिला पुढे बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले. मला हवं होतं तेच झालं होतं आणि मला रडू येत होतं. त्यांनी भांडायला हवं होतं! मी ड्रायव्हरचं दार इतक्या जोरात आपटलं की आई दचकली.

मागून बाबांनी विचारलं, "दार लागलं का गं नीट?"