मी टाकलेली शनिवारची तारीख

चौक गावचा हेमंत. त्याच्यावर अन्याय मी केला — गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, पोलीस ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर, उसन्या पेनाने. चौक म्हणजे नाक्यावरचा चौक नव्हे. उत्तनच्या पुढचं कोळ्यांचं गाव. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या मित्रांनाही नाही.

तुम्ही मला पाहिलं असेल. मीरा रोड स्टेशनबाहेर पत्रकं वाटत उभा असतो तो मी, निखिल. बसथांबे, फुटपाथ, आरटीओतले एजंट — विषय द्या, संध्याकाळपर्यंत मजकूर तयार. दुसऱ्याच्या चुकीवर लिहायचं असलं की माझा हात अडत नाही. या मजकुराला मात्र अकरा महिने लागले.

गाडीपासून सुरू करतो. ते सोपं आहे.

माझ्याकडे एक डर्ट बाईक होती. उंच, बारीक, दगडमातीत चालवायची. रविवारी सकाळी घोडबंदरच्या बाजूला किंवा उत्तनच्या डोंगरावर घेऊन जायचो. चौकची बस बंद होणार होती तेव्हा आम्ही गावात सह्या गोळा केल्या, तेव्हाही हीच गाडी. तिथं हेमंतची ओळख झाली. तो होडीवर खलाशी. धक्क्यापासून त्याच्या घरापर्यंतची वाट खडकाळ, आणि ही गाडी ती वाट शेळीसारखी चढायची. त्याच्या मनात भरली. वर्षभर विचारत होता — "दादा, इकली तर मनाच इका हां." शेवटी मी विकली.

कागदांसाठी एजंट करू या, असं तो म्हणाला. मी उसळलो. एजंट? मी असताना? आम्ही पत्रकं काढतो ती काय उगाच? सगळे फॉर्म मी स्वतः आणले, स्वतः भरले. गुरुवारी त्याच्या ओट्यावर बसून दोघांनी सह्या केल्या. पहिल्याच फॉर्मवर एक ओळ असते — अमुक दिवशी गाडी विकली आणि ताब्यात दिली. तो दिवस तेवढा रिकामा ठेवला. सगळेच ठेवतात. पीयूसी काढायची राहिली होती, आणि मला अजून एक रविवार गाडी चालवायची होती. तो म्हणाला, चालवा की. रविवारी संध्याकाळी नेईन.

"तारीक तुमीच टाका मंग," हेमंत म्हणाला. "तुमी कागदातले हाव."

कागद मी माझ्याकडे ठेवले.

आता रविवार. सकाळी नऊ-साडेनऊ. डोंगरावरून उतरून मी चौकच्या रस्त्याला लागलो. वळणावर एक म्हातारी टोपली घेऊन चालली होती. रस्त्याच्या कडेनेच चालली होती, हे मुद्दाम लिहितो. मी वेगात होतो. हँडल तिच्या दंडाला लागलं. आरशात पाहिलं तर ती रस्त्यात बसली होती, टोपली उपडी, मासळी पसरलेली. मी थांबलो का? — नाही. पुढचा गियर टाकला. डोक्यावर हेल्मेट होतं, तोंड कुणाला दिसणार नव्हतं. हा विचार मी तेव्हाच केला. नंतर सुचलेला नाही. तिथंच, त्या क्षणी.

आणि त्या आठवड्यात माझ्या पिशवीत कुठली पत्रकं होती, माहीत आहे? पायी चालणाऱ्यांच्या हक्काची.

संध्याकाळी हेमंत मीरा रोडला आला. गाडीला झेंडूचा हार घातला, माझ्या आईने दिलेला पेढा खाल्ला आणि गाडी घेऊन गेला. मी सांगायला हवं होतं — आज गावात नेऊ नकोस. एवढं जरी म्हणालो असतो! तो हार घातलेली गाडी थेट त्याच रस्त्यावरून गावात घेऊन गेला, जिथं सकाळपासून सगळे त्याच गाडीबद्दल बोलत होते.

त्या बाईचं नाव हिराबाई. मनगट मोडलं होतं. पोरांनी गाडीचा नंबर टिपून ठेवला होता, आणि कागदोपत्री गाडी अजून माझी. म्हणून मंगळवारी पोलिसांचा फोन मला आला.

"रविवारी कुठं होतास?" हवालदारांनी विचारलं.

"गाडी विकली साहेब," मी म्हणालो. यात खोटं काय होतं? काहीच नाही. असंच सुरू होतं ते.

"विकली कधी? कागद घेऊन ये."

फॉर्म पिशवीत होता. तारखेची जागा रिकामी. ठाण्यासमोर टपरी आहे, तिथं अर्धा चहा पिऊन होईपर्यंत मी बसलो. मग चहावाल्याकडून पेन घेतलं आणि शनिवारची तारीख टाकली. अक्षर चांगलं आलं. खाली हेमंतची सही होतीच — खरी, त्याच्या हातची, मला पूर्ण विश्वासाने दिलेली.

हेमंतला बोलावलं. तो म्हणाला, गाडी मी रविवारी संध्याकाळी घेतली. हवालदारांनी फॉर्म पुढे केला. ही सही कोणाची? — माझीच. मग? रविवारी सकाळी तो एकटाच भायंदरला होडीच्या इंजिनाचा एक भाग बघायला गेला होता. दुकान बंद, परत आला. साक्षीला कोण? बंद शटर? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरची सूचना वाचत होतो. सूचना काय होती तेही आठवत नाही.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर — तर काय? तर थोडा कमी वाईट ठरलो असतो? पण थांबलो नाही.

चार दिवसांनी तीन माणसं मला शोधत स्टेशनबाहेर आली. मी पत्रकं वाटत होतो. त्यातले एक हेमंतच्या होडीचे तांडेल, म्हणजे होडी ज्यांच्या हुकमाने चालते ते. साठीचे, पांढऱ्या मिशा. ते भांडायला आले नव्हते. हेमंतला एक संधी द्यायला आले होते. एवढ्या लांब, दोन रिक्षा बदलून.

"पोरगा बोलतंय, तारीक तुमी खोटी टाकली," तांडेल म्हणाले. "गावात सगली त्याला हसतान. पन मी बोललो, इचारून येव. तुमी आमचे बससाठी उन्हात उभे ऱ्हायले. तुमी खोटं बोलनार न्हाय. सांगा — गाडी कवा दिली?"

बघा, किती सोपं होतं. एक शब्द. रविवार. गर्दीत कुणाला ऐकूही गेला नसता.

मी म्हणालो, "काका, कागदावर आहे तेच खरं."

त्यांनी मान डोलावली. सोबतचा एक जण म्हणाला, "चला, झाला खुलासा." जाताना तांडेलांनी माझ्या हातातलं एक पत्रक मागून घेतलं, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवलं. पायी चालणाऱ्यांचं पत्रक.

त्यानंतर हेमंतला होडीवरून उतरवलं. हिराबाईचं मनगट मोडलं म्हणून नव्हे. चूक कोणाचीही होते, असं गाव म्हणालं. तो पळाला म्हणून. तांडेलांचं म्हणणं त्यांच्या पुतण्याने मला नंतर सांगितलं, माझं कौतुक करता करता — जो रस्त्यात पडलेल्या म्हातारीसाठी थांबला न्हाय, तो दर्यात पडलेल्या मानसासाठी वलंल का? जाळं ओढताना माणूस पाण्यात जातो, तेव्हा मागे वळायला कुणीतरी लागतं. पळणाऱ्याच्या भरवशावर कोण झोपेल? पौर्णिमेनंतर मासेमारी नुकती सुरू झाली होती. त्या होडीने नाही म्हटल्यावर दुसऱ्या कुठल्याही होडीने त्याला घेतलं नाही.

त्याने हिराबाईची माफी मागितली. न केलेल्या गोष्टीची, सगळ्या गावासमोर, पाया पडून. ठाण्यात त्याला सांगितलं होतं म्हणे, मिटवून टाक, नाहीतर फेऱ्या मारत बसशील. त्याने मिटवलं. आता तो भायंदरला एका बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतो. गाडी त्याच्या नावावर झाली, त्याच शनिवारच्या तारखेने. ती त्याच्या घरामागे ताडपत्रीखाली उभी आहे. तो चालवत नाही.

हे मी आत्ताच का लिहितोय? मोठेपणा नाही यात. गेल्या आठवड्यात आम्ही चौकला एका सभेसाठी गेलो. तांडेलांनी माझी ओळख करून दिली — "खरं बोलनारा मानूस." टाळ्या झाल्या. मागच्या ओळीत हेमंत उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत, शिवी दिली नाही, काही नाही. सभा संपेपर्यंत उभा राहिला आणि गेला. त्याच्यासमोर मी तासभर भाषण केलं होतं. चांगलं झालं, लोक म्हणाले.

घाबरलो होतो, असं लिहून पाहिलं होतं. खोडलं. हेमंतही घाबरला असेल, तरी तो खरंच बोलला.

खरी तारीख लिहिलेला जबाब, सहीसकट, मी हे छापायला देतो त्याच दिवशी पोलिसांत देतोय. हिराबाईंना धडक देऊन पळालो तो मी. त्याचं पुढे जे व्हायचं ते होईल. ते माझं मी बघेन. मला माफ करा असं मी म्हणत नाही. हेमंतलाही म्हणणार नाही; त्याने माझ्यासाठी अजून काय काय करायचं?

पण जबाब फाइलीत जाईल, आणि फाइल वाचून कोणी कुणाला दर्यात नेत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगतोय. चौकला, पालीला, उत्तनला तुमच्या नात्यातल्या, ओळखीतल्या कुणाची होडी असेल, तर हे आजच त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या नावासकट. हेमंत पळाला नव्हता. त्याला होडीवर घ्या.