आत कोणी जेवत असेल

थंडीच्या दिवसांत अख्खं बंगळूर अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा निवडून, वास घेऊन विकत घेतं. किडक्या शेंगा मागून घेणारा माणूस मात्र शहरात एकच आहे, आणि तो नेमका माझा घरमालक आहे. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे त्यांची मराठीही कन्नडात चांगली मुरलेली. बनशंकरीतली भाजीवाली त्यांच्यासाठी भोकं पडलेल्या शेंगांचा वेगळा ढीग ठेवते. एकदा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, घरी गाय पाळलीय का?

गाय नाही, पिसारी पतंग. गच्चीवर अण्णांनी अवरेचा वेल चढवलाय आणि बाजारातून आणलेले सुरवंट ते त्यावर सोडतात. हिरवा, केसाळ, नखाएवढा जीव. तोंड शेंगेत, बाकीचं अंग बाहेर. मी एकदा उसळीसाठी चार शेंगा तोडायला गेलो, तर म्हणाले, "स्वल्प थांबा. आत कोणी जेवत असेल." त्या वेलाची एक शेंग आजवर कुणाच्या ताटात पडलेली नाही.

पिसारी म्हटल्यावर मोर डोळ्यांसमोर आणू नये. पंख पिसांसारखे चिरलेले असतात खरे, पण बसताना ते गुंडाळून दोन्हीकडे ताणलेले असतात. म्हणजे दिसते ती वाळकी काडी आणि तिच्यावर आडवी दुसरी काडी. चुकून झाडला जाईल म्हणून गच्चीवर केरसुणीला बंदी आहे. अण्णा त्याचं वर्णन नव्या जावयाचं करावं तसं करतात.

यंदा काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली. गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रिक्षात बसल्यावर अण्णांनी मला एवढंच विचारलं, "आता तो आला की मला कळणार कसं हो?" मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून ऑफिसातून आलो की मी वेल तपासतो. मला सगळीकडे काड्याच दिसतात, आणि अण्णा खुर्चीत बसून प्रत्येक काडीची उलटतपासणी घेतात. परवा तो दिसला, पण वेलावर नाही, त्यांच्याच बाहीवर.

"अण्णा, हात हलवू नका. बाहीवर बसलाय."

"पंख?"

"दोन्हीकडे सरळ."

"पाय लांब, काटकुळे?"

"हो."

"मग तोच," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. चहा निवला, पण त्यांनी कपाला हात लावला नाही. दिवेलागणीला तो बाहीवरून उठला आणि वेलात दिसेनासा झाला.

"उडाला, अण्णा."

"सरी, बरं," ते म्हणाले. पण हात तसाच धरून बसले.