पाणाड्याची शिफारस

आमच्या घरात टॉवेल विकत आणावा लागत नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या रानात पाणी दाखवत आलो, पण त्याचा एक पैसा कधी घेतला नाही. टॉवेल, टोपी आणि पोटभर जेवण एवढाच मान. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, पण पाणाड्या म्हणून माझं नाव तीन तालुक्यांत होतं. ते कुणी विचारायच्या आधी मीच सांगायचो.

काम सोपं. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि अनवाणी रानातून चालायचं. जिथं नारळ उभा राहील तिथं टाच रोवून दगड ठेवायला लावायचा. त्या जागेला आमच्याकडं पॉइंट म्हणतात. नेवाशाकडून मला कधी बोलावणं आलं नाही. तिकडं प्रवरा, तिकडं कॅनॉल. हातात नारळ बघून लोकांनी देवळाची वाट दाखवली असती. राळेगणला माणसांनी ओढे अडवले आणि पाणी मुरवलं, तिकडंही माझी गरज उरली नाही. माझी सगळी विद्या चालायची ती कोरड्या रानावर.

दोनेक वर्षांपूर्वी एक जीप दारात उभी राहिली. त्यातून एक बाई उतरल्या आणि मागून फाईल छातीशी धरलेले एक सर. बाई शास्त्रज्ञ होत्या, जमिनीखालच्या पाण्याच्या. शेणानं सारवलेल्या ओट्यावर सरळ मांडी घालून बसल्या आणि काम सांगायला लागल्या. चार कॉलेजं पाण्याचा अभ्यास करतात. प्रत्येकाकडं थोडं थोडं सामान आहे, मोठं यंत्र कुणाकडंच नाही. चौघांनी मिळून एकच प्रयोगशाळा करायची, यंत्रं तिथं ठेवायची, पाळीपाळीनं सगळ्यांनी वापरायची, शेतकऱ्यांनाही द्यायची. त्यासाठी आमदारांचं शिफारशीचं पत्र पाहिजे आणि जिल्ह्याच्या बैठकीत त्यांनी विषय मांडला पाहिजे. आठ महिने हे दोघं बंगल्यावर फेऱ्या मारत होते. बाहेरच्या बाकावर बसून चहा पिऊन परत. शेवटी तिथल्याच कुणीतरी सांगितलं की, साहेब त्या तात्याच्या शब्दाबाहेर नाहीत, त्याला धरा.

ह्या सगळ्यातलं मला एवढंच ऐकू आलं की इतकी शिकलेली माणसं माझ्याकडं वशिला मागायला आली आहेत. मी हो म्हणालो. पेटीतली इस्त्रीची टोपी काढून घातली.

आमची म्हातारी चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "ते यंत्र कशाचं हाय, इच्यारलं का?"

"पाण्याचं."

"मंग तुमी कशाचं?"

बायकांना ह्यातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणून मी जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसलो. सर मागं गेले.

आमदारांच्या बंगल्याची बोअर माझ्या पॉइंटवरची. धो धो पाणी. तेव्हापासून त्या घरात मला मागच्या दारानं, स्वयंपाकघरातून थेट प्रवेश. मांडवात पन्नासेक माणसं ताटकळत बसलेली, आणि मी त्यांच्या देखत बाई-सरांना घेऊन आत गेलो. सर चपला कुठं ठेवाव्यात म्हणून त्या हातातच घेऊन माझ्यामागं चालत होते. मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायला आज लाज वाटते. मला वाटलं, शिकून काय मिळवलं ह्यांनी.

आमदार म्हणाले, "या तात्या. आज कुणाला धरून आनलं?"

सरांनी फाईल उघडली आणि बरंच वाचलं. आमदारांनी मोबाईल बघत बघत ऐकलं, मग म्हणाले, "मागं एका कॉलेजला खोल्या दिल्या तर दुसरं रुसलं."

"म्हणूनच साहेब, हे सगळ्यांचं मिळून एक आहे," बाई म्हणाल्या.

"सगळ्यांचं म्हंजी कुनाचंच न्हाई, मॅडम. पाटी कुनाच्या नावाची लावायची?"

सर फाईलीची पानं चाळायला लागले. एवढी जाड फाईल, पण पाटीचा विचार कुणी केलेला नव्हता.

"बरं, हे यंत्र करतं काय?"

बाईंनी सांगितलं. जमिनीत ओळीनं सळ्या रोवायच्या, करंट सोडायचा, मग खाली खडक कसा आहे, पाणी असायची शक्यता किती आहे, ते कळतं. बोअर घ्यायच्या आधीच कळतं.

"मंग आमचे तात्या काय करतात?" आमदार म्हणाले, आणि खोलीतले सगळे हसले. "तात्या, तुमीच सांगा. लागतं का असलं यंत्र?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी आलोच होतो त्यासाठी. 'लागतं' हा एवढा एक शब्द बोलायचा होता, तेवढ्यासाठी त्यांनी माझी पायरी चढली होती. पण ते यंत्र नक्की काय करतं ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. आणि सगळे हसत होते.

मी म्हणालो, "मी हाय तवर कशाला?"

आमदारांनी फाईल मिटून सरांच्या हातात दिली. "मंगळवारी बैठक हाय, पन आता यादी भरली. फुडच्या वेळंला बघू." बाईंनी हात जोडले, थँक्यू म्हणाल्या. मीही हात जोडले, का ते माहीत नाही.

परत येताना जीपमध्ये कुणी बोलेना. त्या बाईंनी मला चार शब्द सुनावले असते तर मी सहा सुनावले असते आणि हिशेब मिटला असता. गप्प बसलेल्या माणसापुढं माझं चालत नाही. शेवटी मीच म्हणालो, "दहातल्या नऊ बोअरींना पानी लागलंय माझ्या."

"मोजता कसं, आजोबा?"

"लागलं की लोक पेढं घिऊन येतात घरी."

"आणि ज्यांना लागत नाही, ते काय घेऊन येतात?"

मी ड्रायव्हरला जीप थांबवायला सांगितली. घर तीन किलोमीटर राहिलं होतं. मी चालत गेलो. इस्त्रीच्या टोपीत, भर दुपारी.

आमच्यात एक रीत आहे. पॉइंट दाखवला की पाणाड्यानं परत त्या दगडाकडं जायचं नाही. बोअरची गाडी येईल त्या दिवशी त्या गावातही थांबायचं नाही. माझ्या गुरूनं ती मला घालून दिली आणि मी ती देवाच्या आज्ञेसारखी पाळली. आणखी एक होतं. पॉइंट काढल्यापासून गाडी येईपर्यंत त्या जागेवर कुणा महिन्याच्या अडचणीतल्या बाईचा पाय पडू नये, नाहीतर पाणी सरकतं. हेही मी प्रत्येक रानात, मालकाला आणि मालकिणीला दोघांना ऐकू जाईल असं सांगायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसटी धरली. बाईंना खोटं पाडायचंच ह्या ईर्ष्येनं. डोंगरापलीकडच्या एका वस्तीवर सहा-सात वर्षांपूर्वी मी पॉइंट दिला होता आणि तिथून पेढे आले नव्हते. मी स्वतःची समजूत घातली होती की, लांबचं गाव, राहून गेले असतील.

रानात बोअरचा पाइप वीतभर वर आलेला होता. त्याच्या तोंडावर सपाट दगड, आणि दगडावर शेण्या वाळत घातलेल्या. पलीकडं एक चाळिशीची बाई शेळीला पाला टाकत होती. तिनं मला ओळखलं.

"या तात्या. लई येळ लावला यायला."

"लागलं न्हाई व्हय?"

"धुरळा निघाला. आख्खं गाव पांढरं झालं तवा."

"मंग मला कळवायचं तरी."

"तुमाला काय कळवायचं? तुमचा पॉइंट कुटं चुकतो का?" ती हसली नाही. "चूक आमच्या घरातच निघाली. मालक शिंगणापूरला जाऊन शनीला तेल घालून आले. आन् सासू म्हनली, हीच गेली आसंल अडचणीच्या दिवसात तितून. तुमी सांगून गेल्ता न्हवं का."

"गेल्तीस का तू?"

हा प्रश्न मी विचारला. खरंच विचारला. इतकं होऊनही माझ्या तोंडून तोच निघाला.

तिनं हातातला पाला खाली टाकला. "न्हाई गेल्ते, तात्या. पन आता कोन इचारतंय. सहा वर्सं झाली, भाकर करपली तरी सासू बोअरच काढती. चा घेता का? पानी टँकरचं हाय."

चहा मी घेतला. नको म्हणायला तोंड नव्हतं. येताना त्याच बाजूच्या आणखी दोन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी पाइपात पोरांनी खडे टाकून टाकून तो बुजवत आणला होता. दुसऱ्या मालकानं मला लांबून बघितलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. राग म्हणून नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. हे त्यानंच पुढं मला सांगितलं.

सोमवारी सकाळी मी आमदारांच्या बंगल्यावर गेलो. ह्या वेळी स्वयंपाकघरातून गेलो नाही. मांडवात बाकावर बसलो आणि पाळी आल्यावर उभा राहिलो. आमदार म्हणाले, "तात्या, तुमी हितं कसं? आत यायचं न्हाई का?"

"हितंच बोलतो. परवा मी खोटं बोललो. ते यंत्र लागतंय."

"का? नारळ म्हातारा झाला का तुमचा?"

मांडव हसला. मला वाटलं, खाली बसावं. पण पाय अडून राहिले. माझा अडेलपणा उभ्या आयुष्यात एकदा कामाला आला. मी म्हणालो, "माझ्या पॉइंटवर लागलं ते पेढं घिऊन येतात. ज्यांचं फेल गेलं ते मला तोंड दावत न्हाईत आन् मी त्यांच्या रानात जात न्हाई. त्यामुळं मला वाटतं मी कधी चुकतच न्हाई. काल तीन जागा बघून आलो. तिन्ही कोरड्या."

"आन् आमच्या बंगल्याची?"

"साहेब, तुमच्या वरच्या अंगाला तळं हाय. हितं तुमी डोळं झाकून दगड टाकला आस्ता तरी लागलं आस्तं."

आमदारांचं तोंड उतरलं. चार वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोअर दाखवून माझं नाव सांगत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पागोटेवाला बोलला, "आमची बी फेल गेली, साहेब. ह्यांच्याच पॉइंटवर." त्याच्या शेजारचा म्हणाला, "आमची दोनदा." मग तिकडून एक, इकडून एक. कुणी माझं नाव घेतलं, कुणी दुसऱ्या पाणाड्याचं. बहुतेकांनी तोवर घराबाहेर ही गोष्ट काढलीच नव्हती. दहातल्या नऊचा माझा आकडा त्या मांडवात कुठं बसला ते विचारू नका.

आमदारांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. ते माणसं मोजण्यात हुशार. पण तरी अडले एका जागी. "तात्या, हे सगळं खरं. पन चार कॉलेजांत एक यंत्र, उद्या भांडनं लागली तर?"

ह्याचं उत्तर बाईंच्या फाईलीत नव्हतं, माझ्याकडं होतं. म्हणालो, "साहेब, आमच्या देवळात गावाची भांडी हायेत. मोठी पातेली, घमेली, पराती. कुनाच्या बी घरी लगीन आसू द्या, तितून न्यायची, घासून परत आनून ठिवायची. भावकीत कोर्टकचेऱ्या चालू हायेत, पन पातेल्यावरून भांडान न्हाई. आन् प्रत्येकानं आपापलं घ्यायचं म्हनलं आस्तं तर निम्म्या गावाची लग्नं चहावर झाली आस्ती."

"पातेल्यावर नाव कुनाचं हाय?"

"ज्यानं पैलं दिलं त्याचं. खोदून घातलंय."

ते त्यांना पटलं. पीएला बोलावलं, बाईंना फोन लावायला सांगितला. दुपारपर्यंत पत्र झालं आणि भरलेल्या यादीत मंगळवारी एका विषयाची जागा निघाली. बाईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या कामावर परिणाम होईल हे तुम्हाला माहीत आहे ना?" मी म्हणालो, माहीत आहे. खरं तर मला वाटत होतं की असं कबूल केल्यावर लोकांचा माझ्यावरचा विश्वास वाढेल. तसं काही झालं नाही. तेव्हापासून नवा टॉवेल आलेला नाही.

मंजुरी आली, इमारतीऐवजी दोन खोल्या मिळाल्या. पाटी आमदारांच्या नावाची. यंत्र यायला वर्ष गेलं. ते आल्यावर बाईंनी विचारलं, पहिलं कुणाच्या रानात लावू? मी डोंगरापलीकडची वस्ती सांगितली.

सळ्या रोवल्या, वायरी ओढल्या, बाई सकाळपासून दुपारपर्यंत उन्हात आकडे उतरवत राहिल्या. सासू खाटेवर बसून सगळं बघत होती. शेवटी बाई तिच्यासमोर येऊन म्हणाल्या, "आजी, ह्या रानात खाली सगळा सलग काळा दगड आहे. इथं बोअर घेऊ नका."

"म्हंजी पानी न्हाईच?"

"नाही. मागंही नव्हतं. कुणीही काहीही केलं असतं तरी लागलं नसतं."

म्हातारी नाराज झाली. मला म्हणाली, "तात्या, तुमीच बरं हुता. हाय तरी म्हनायचा."

ती चाळिशीची सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं तांब्या खाली ठेवला, पुढं आली आणि बाईंना म्हणाली, "मॅडम, आत्त्याबायला जरा कमी ऐकू येतं. ते मागंबी पानी नव्हतं म्हनला न्हवं, तेवढं आजून एकदा मोठ्यांदा सांगा."

बाईंनी सांगितलं.