बंद गाडी रांगेत

अलाबामातल्या आमच्या गल्लीत वर्लीनमावशी माझ्या शेजारी राहते. तिचा उभा जन्म मासळीच्या कारखान्यात मासे साफ करण्यात गेला. बोटं वाकडी झाली, साखरेचं दुखणं लागलं. नवरा रूझवेल्ट पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला. त्याला टाकून ती कुठं लांब जात नसे.

कोरोनाची लस आली ती समोरच, हमरस्त्यापलीकडच्या जत्रेच्या मैदानावर. मावशीला ओट्यावरून सगळं दिसे: शहरातून आलेल्या चकचकीत गाड्या, खिडकीतून बाहेर आलेले गोरे दंड. आमच्या काळ्या वस्तीत तोवर दर रविवारी चर्चमध्ये कोरोनानं गेलेल्या कुणाचं तरी नाव वाचलं जात होतं.

एके दिवशी ती रस्ता ओलांडून गेली. फाटकावरच्या रखवालदारानं अडवलं.

"गाडीतूनच यायचं, बाई. पायी चालणार नाही."

"अरे, तो बघ माझा दरवाजा!"

"नियम आहे."

परत आली ती ओट्यावर धपकन बसली. "मेली जीभ कोरडी पडली विनवण्या करून."

"माझी गाडी आहे की," मी म्हटलं.

"ती? तिच्यात मांजर व्यालंय!"

गाडी खरंच कधीची बंद होती. मावशीनं फाटकाकडं बघितलं नि म्हणाली, "गाडी पाहिजे म्हणाला. चालू पाहिजे असं कुठं म्हणाला?"

शनिवारी चर्चमधल्या बायका जमल्या. मावशी स्टिअरिंगवर, आम्ही मागून गाडी ढकलतोय. हमरस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्लोळ. त्या बायकांतली ओडेसा ओरडली, "मावशी, ब्रेकवरचा पाय काढ आधी!" रखवालदाराला गाडी आत सोडावीच लागली. नर्सनं सुई टोचली. मग आळीपाळीनं आम्हीही आत बसून आलो.

"माझ्या नवऱ्याला घरी येऊन टोचा, दोन पावलांवर आहे," मावशी नर्सला म्हणाली.

"लस बाहेर न्यायची परवानगी नाही. त्यांनाच आणा."

आम्ही रूझवेल्टला उचलायला गेलो. हलवताच तो दुखण्यानं असा किंचाळला की मावशीनंच आमचे हात धरून थांबवलं.

पुढं त्याला कोरोनाचा ताप भरला. रुग्णवाहिका त्याच मैदानावरून गेली. इस्पितळात मावशीला आत सोडलं नाही, आणि तो तिथंच गेला.

"आता मोकळी झालीस, बहिणीकडे राहून ये," ओडेसा तिला म्हणाली.

"मोकळी कसली गं? त्याच्या औषधाची वेळ झाली की अजून उठते मी."

ती बहिणीकडे गेली नाही. अजूनही गल्लीबाहेर पडत नाही.