शिशाचा प्लग

सुरतच्या बमरोली भागातल्या आमच्या गल्लीत उखा कोळींना सगळे बॉयलरवाले आबा म्हणतात. ते स्वतः मात्र अजून "मी घाटातला फायरमन" अशीच ओळख देतात. रेल्वे सोडून त्यांना तीस वर्षं होत आली.

रावेर तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावातून ते महूच्या इंजिन शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि हळूहळू फायरमन झाले. तिथली लाईन छोटी, मीटर गेजची. तिच्यावर मालगाड्या ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनाला वाय.जी. म्हणत. हे इंजिन पळण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. पुढे दोन लहान चाकं, मग दांड्यांनी एकमेकांना जोडलेली आठ, आणि मागे भट्टीचा भार पेलायला आणखी दोन. जोडलेली चाकं मुद्दाम बुटकी, कारण बुटकं चाक कमी पळतं पण ओढतं जास्त. भट्टी ऐसपैस, त्यामुळे राखेने भरलेला हलका कोळसाही तिच्यात खपून जायचा. काळाकुंडहून पाताळपाणीकडे घाट चढताना एक इंजिन पुढे ओढायला आणि एक मागून रेटायला लागे. मागच्या इंजिनावरची माणसं बोगद्यात तोंडाला ओलं फडकं बांधून बसत, कारण पुढच्याचा सगळा धूर त्यांच्या वाट्याला येई.

धुरापेक्षा धाक असायचा तो पाण्याचा. चढावर बॉयलरमधलं पाणी मागे, भट्टीच्या बाजूला सरकतं. मोजायची काचही मागेच, त्यामुळे काचेत पाणी भरपूर दिसतं. माथा आला, गाडी सपाटीला लागली, की तेच पाणी पुढे पळतं आणि भट्टीचं छत उघडं पडायची वेळ येते. उघडं पडलेलं छत तापून खचलं तर बॉयलर फुटतो. म्हणून छतात एक पितळी प्लग बसवलेला असायचा, मधोमध शिसं भरलेला. पाणी कमी झालं की आधी शिसं वितळायचं आणि त्या भोकातून वाफ भट्टीत घुसून आग विझवायची. इंजिन मरायचं, माणसं वाचायची.

एका पावसाळ्यात नेमकं तेच झालं. ड्रायव्हर होते रघुनाथ सपकाळे, यावलकडचे. इंजिनाचा इंजेक्टर, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र, अधूनमधून दगा देत होता. रघुनाथनी शेडमध्ये तशी तक्रारही दिली होती. दुरुस्ती झाली नाही. त्या दिवशी निम्म्या घाटात इंजेक्टर बंद पडला. थांबलं तर गाडी मागे घसरायची भीती, म्हणून रघुनाथनी तसंच वर नेलं. पाताळपाणीला माथ्यावर प्लग वितळला. भट्टीत वाफेचा लोट आला आणि सगळं शांत झालं. कोणाच्या अंगाला चटकाही लागला नाही.

चौकशी मात्र पूर्ण झाली. लाईन दुपारभर अडली, मागची प्रवासी गाडी खोळंबली, याला कोणीतरी जबाबदार हवं होतं. पाण्याकडे दुर्लक्ष, असा ठपका दोघांवर आला. रघुनाथना यार्डात डबे जोडायच्या कामावर उतरवलं. उखांचं ड्रायव्हर होणं कायमचं अडलं. वर्षभरात रघुनाथ खंगून गेले. शेवटच्या भेटीत ते उखांना म्हणाले, "प्लगनं आपल्याला वाचवलं, अन् त्याच प्लगनं आपल्याला मारलं."

पुढे वाफेची इंजिनं बंद झाली. ती वाय.जी. भंगारात गेली. डिझेलच्या प्रशिक्षणासाठी उखांचं नाव आलंच नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि बायको मालतीबाई आणि मुलगी जयश्रीला घेऊन सुरतला मेव्हण्याकडे आले. बॉयलर चालवायची परीक्षा दिली आणि पांडेसऱ्यातल्या एका डाईंग मिलमध्ये लागले. साड्या रंगवायला वाफ लागते. भट्टी, पाणी, काच, प्लग, सगळं ओळखीचंच होतं.

मिल जुनी होत गेली तसा पाण्याचा पंप कुरकुरू लागला. एकाच हंगामात प्लग दोनदा वितळला. दोन्ही वेळा मिल बंद पडली, रंग अर्ध्यावर राहिलेला माल फुकट गेला. मॅनेजर नटुभाई बॉयलरपाशी आला.

"काका, आ वखते बोल्ट मारी दो. लोखंडनो."

"शेठ, पंप बदला. बोल्ट लावला तर पाणी गेल्याचं कळणारच नाही."

"पंप आवशे. त्यां सुधी बोल्ट. नहीं तो कल से आपको आने की जरूरत नहीं."

पंप येईपर्यंत प्लगच्या जागी बोल्ट, नाहीतर नोकरी गेली. उखांना पाताळपाणीची चौकशी आठवली. प्लग वितळला की माणूस जातो, हे त्यांनी पाहिलेलं होतं. भट्टी थंड झाल्यावर ते आत शिरले आणि स्वतःच्या हातानं शिशाचा प्लग काढून तिथे लोखंडी बोल्ट आवळला. पंप आला नाही. दरवर्षी सरकारी तपासणीच्या आधी ते बोल्ट काढून शिशाचा प्लग बसवत, आणि साहेब गेले की पुन्हा बोल्ट. मालतीबाई वारल्या तोपर्यंत हे अंगवळणी पडलं होतं.

जयश्रीचा नवरा लखन अमळनेरचा. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, त्याचं बस्तान बसेना, म्हणून उखांनीच त्याला बॉयलरवर आणलं, काम शिकवलं, परीक्षा द्यायला लावली. शांत, कामसू माणूस. बोल्टचं मात्र त्यांनी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो राहिला नसता, असं ते आता म्हणतात.

मग आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यांची पाळी लखनकडे आली. निघताना ते एवढंच म्हणाले, "पाण्यावर लक्ष ठेव."

"मामा, तुम्ही निश्चिंत जा," लखन म्हणाला.

सकाळच्या पाळीत पंप बंद पडला. काच गाळानं अर्धी बुजलेली होती, ती खोटं पाणी दाखवत राहिली. शिसं असतं तर आग विझली असती. भट्टीचं छत खचलं. बॉयलरपाशी एकटा लखन होता.

उखा डोळ्यावर पट्टी बांधून दवाखान्यातून थेट स्मशानात गेले. काही दिवसांनी मिलनं कळवलं की कामगारानं पाण्याकडे दुर्लक्ष केलं. जयश्री ते ऐकून घरी आली आणि बापासमोर बसली.

"आबा, ते असं करणारे नव्हते. तुमले माहीत शे ना?"

"माहीत शे."

"मग काय झालं?"

उखांनी सांगितलं. घाटापासून बोल्टपर्यंत, काही न लपवता. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "त्यास्ले कसाले नही सांगं?"

लखनला का सांगितलं नाही, याचं उत्तर ऐकायला ती थांबली नाही. ती उठली आणि चुलीकडे गेली. त्या दिवसापासून ती बापाला ताट वाढते, औषध देते, पण त्यांच्याशी बोलत नाही.

आठवड्याभरात उखा पोलीस ठाण्यात गेले आणि लखनची चूक नव्हती, बोल्ट मी लावला, कोणाच्या सांगण्यावरून लावला, असं सगळं लिहून दिलं. तोवर बॉयलर कापून नेलेला होता. नटुभाई म्हणाला, असं मी कधी सांगितलंच नाही, म्हाताऱ्यानं परस्पर केलं असेल. पाहणारं कोणी नव्हतं. लखनवरचा ठपका निघाला आणि खटला उभा राहिला तो एकट्या उखांवर. मिल दुसऱ्या नावानं सुरतजवळच्या सचिन गावात सुरू झाली. तिथे नटुभाईच मॅनेजर आहे.

मी एकदा त्यांना म्हणालो, "आबा, गप्प बसला असता तर निदान म्हातारपण नीट गेलं असतं."

"गप्प बसूनच तर हे झालं ना," ते म्हणाले, आणि विषय बदलला.

अठवालाइन्सच्या कोर्टात तारीख असली की बाप-लेक दोघंही जातात. जयश्रीला बोलावणं नसतं, तरी ती आपल्या लूमच्या कामावर खाडा करून जाते. ती समोरच्या बाकावर बसते, बापाशेजारी नाही. पुकारा झाला की उखांना नीट ऐकू येत नाही. मग तीच उठून त्यांच्या दंडाला हात लावते. नवी तारीख मिळते. परतताना शेअर रिक्षात ती ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर एका टोकाला बसते, उखा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये उधना दरवाजाच्या थांब्यावर जे कोणी चढतील ते बसतात.