पळसाच्या पानांचा नवरा

नवरा दोनदा मेलेली बाई रामघाटावर एकच होती, अन्नपूर्णाकाकू. पहिल्यांदा मेला तेव्हा तो चांगला जिवंत होता.

गोष्ट सुरू होते साहेबाच्या राज्यात. काकूंचे सासरे नीलकंठशास्त्री म्हणजे काशीतलं बडं प्रस्थ. त्यांचा थोरला मुलगा वेणीमाधव, काकूंचा नवरा. संथा म्हणताना डुलक्या घ्यायचा. एकदा बापानं सगळ्या विद्यार्थ्यांसमोर कानफटात दिली आणि स्वारी फणकाऱ्यानं घाटावर जाऊन बसली. तिथं एक गोडबोल्या भेटला. म्हणाला, कलकत्त्याला चल, देवळात पुजारी हवाय. तो होता अर्काटी, साहेबाच्या ऊसमळ्यांसाठी माणसं गोळा करणारा दलाल. काशीत यात्रेकरूंचा सुकाळ, त्यामुळे या मेल्यांचाही सुकाळ! वेणीमाधव त्याच्यामागून गेला तो गेलाच.

काकू तेव्हा पंधरा वर्षांच्या. रोज कपाळावर ठसठशीत कुंकू लावून त्या वाट बघायच्या. बारा वर्षं बघितली. शास्त्रात बेपत्ता माणसासाठी तेवढीच मुदत आहे. बारा वर्षं सरल्यावर मामंजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि मणिकर्णिकेवर नेऊन त्याला अग्नी दिला. इकडे घरी बायकांनी काकूंच्या बांगड्या फोडल्या, दुसऱ्या एका विधवेनं त्यांचं कुंकू पुसलं आणि न्हाव्यानं डोकं भादरलं. काकूंना रडूच येईना. पानांसाठी कोण रडणार?

आणि चार-पाच वर्षांनी तो आला की परत!

भर दुपारची वेळ. काकू स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. गल्लीतून हाक आली, "आई!" सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. काकूंनीही आवाज ओळखला. तेवढ्यात मामंजी दारात गेले. बाहेरचा काळवंडलेला माणूस सांगत होता, फिजीला नेलं होतं, फसवून नेलं, मळ्यात ऊस तोडला, साहेबाचे कोरडे खाल्ले, कसाबसा बोटीनं परत आलो. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या घरातला मुलगा मणिकर्णिकेवर जळला. तू कोण?"

अशा परत आलेल्याचाही विधी शास्त्रात आहे. त्याला न्हाऊमाखू घालायचं, नव्यानं मुंज करायची आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. मामंजींनी दुसऱ्यांना हे कितीदा तरी सांगितलं होतं. पण हा समुद्र ओलांडून आलेला, शिवाय मजूर म्हणून! यजमान तुटले असते. त्याच वर्षी कलेक्टरसाहेबाच्या हातून त्यांनी भर सभेत शाल घेतली होती. तो साहेब काय काशीतच जन्मला होता? सात समुद्र ओलांडूनच आला होता ना! पण त्याच्या शालीचा विटाळ झाला नाही. ती पेटीत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवली होती.

काकू कणकेचे हात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. दाराशी जावं, म्हणावं, मी आहे इथे, असं त्यांना फार वाटलं. पण विधवेनं दाराशी जायचं नसतं. थोड्या वेळानं पावलं गल्लीतून दूर गेली. सासूबाई त्यानंतर वर्षभरही जगल्या नाहीत.

स्वराज्य आलं, मामंजी गेले, धाकटे दीर गेले. दिराचा मुलगा प्रल्हाद घरची भिक्षुकी चालवू लागला. काकू म्हाताऱ्या झाल्या. मग एका पितृपंधरवड्यात तिशीतला एक माणूस दार वाजवत आला. पायांत बूट आणि हातात लाल फडक्यानं बांधलेला तांब्या. नाव सांगितलं दिनानाथ, आला होता फिजीहून. बापाच्या अस्थी घेऊन आला होता. मरताना बापानं नीलकंठशास्त्र्यांचं नाव सांगितलं होतं आणि गंगेशिवाय कुठं टाकू नकोस म्हणून बजावलं होतं.

"बाप का नाम?" प्रल्हादनं विचारलं.

"बेनी महतो."

भिक्षुकाचे मऊ हात साहेबाला चालत नसत. म्हणून अर्काट्यानं वेणीमाधवाला आठवडाभर दोर ओढायला लावून हाताला घट्टे पाडले होते, जात बदलून सांगायला शिकवलं होतं. साहेबानं लिहून घेतलं तेच नाव जन्मभर राहिलं.

काकू आतून बाहेर आल्या. दारापर्यंत आल्या, या वेळी कुणाला विचारलं नाही.

"कब गुजरे?"

"दो बरस हुए, माई."

"और तेरी माँ से ब्याह?"

"यहाँ से लौटकर गए, उसके बाद."

काकूंनी मनाशी वर्षं मोजली. म्हणजे घरच्यांनी हाकलेपर्यंत तो माणूस एकटा होता! आणि पुढेही इतकी वर्षं जेवत होता, झोपत होता, कुणाचा तरी नवरा होता. आणि इथे अन्नपूर्णा डोकं भादरून पानांच्या नवऱ्याची विधवा म्हणून एकवेळ जेवत होती. सगळं आयुष्य फुकट गेलं, अगदी फुकट!

प्रल्हादनं त्यांना बाजूला घेतलं. "काकू, आपल्या घरानं त्यांचं एकदा करून टाकलंय. आता पुन्हा केलं तर आजोबांनी काय केलं म्हणायचं? मी बेनी महतो म्हणून करतो, काश्यप गोत्रावर. गोत्र माहीत नसलेल्याचं करतात तसं."

"गोत्र मला माहीत आहे," काकू म्हणाल्या. "साहेबानं नेला तो परत आला होता, प्रल्हादा. तुझ्या आजोबांनी घालवला, तो नाही आला. या घरचा म्हणून त्याला गंगेत सोड. नाहीतर मी चौकात उभी राहून सगळं सांगेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी देवघरातली देवीची कोयरी उघडली आणि सुरकुतलेल्या कपाळावर कुंकू लावलं. लाल आलवण, भादरलेलं डोकं आणि कुंकू! प्रल्हादची बायको किंचाळलीच. गल्लीतले लोक बघत राहिले. काकू पायऱ्या उतरून नावेत बसल्या.

प्रल्हाद संकल्पाला अडखळला. काकूंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. ते त्यांनी खणखणीत घेतलं, "वेणीमाधव. नीलकंठाचा मुलगा. वसिष्ठ गोत्र." प्रल्हादला ते म्हणावं लागलं. दिनानाथनं तांब्या पाण्यात रिकामा केला. मग काकूंनी आलवणाचा पदर भिजवला आणि स्वतःच्या हातानं कुंकू पुसलं. पुसताना त्या मोठ्यानं रडल्या.

घरी येऊन प्रल्हाद म्हणाला, "मरून वर्षाच्या वर झालं, आता सुतक नाही. आम्हाला नुसत्या स्नानाची शुद्धी पुरे."

"बायकोला दहा दिवस असतात," काकू म्हणाल्या आणि मागच्या खोलीत घोंगडी टाकून बसल्या.

तोवर नवरात्र सुरू झालं. मधल्या घरात देवी बसली, रोज एक सवाष्ण जेवायला येऊ लागली. काकूंचं पान मागच्या खोलीत लांबून सरकवलं जाई. त्यांचं सुतक चालू होतं. घरात बाकी कुणाला सुतक नव्हतं.