'बरं वाटेल' आणि 'बरा व्हई जास'

नंदुरबारजवळ, रनाळ्याकडच्या एका गावात मी मास्तर होतो आणि ग्रामपंचायतीचा रेडिओ माझ्या ताब्यात होता. सन साठच्या आसपासची गोष्ट. दर बुधवारी संध्याकाळी दहा मिनिटं विज्ञानाची असायची. जगात नवीन काय शोध लागला ते मुंबईतला कोणी विद्वान सांगायचा. पण सांगायचा कसा, तर कडक इस्त्रीच्या मराठीत! चावडीच्या ओट्यावर बसलेली सगळी माणसं अहिराणी बोलणारी. पाच मिनिटांत जांभया सुरू. मला राग यायचा, त्यांचा नाही, त्या विद्वानाचा. शेवटी मीच रेडिओशेजारी उभा राहून एकेक वाक्य अहिराणीत सांगू लागलो.

त्यात एक गोम होती. मी एक वाक्य सांगेपर्यंत रेडिओवरची पुढची दोन निघून जायची. तो माझ्यासाठी थांबणार थोडाच! राहिलेलं मी अंदाजाने जोडून द्यायचो. माणसाने सोडलेला चंद्र पृथ्वीभोवती फिरतोय, असं सांगितलं तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, आते त्यानी भी पूजा करनी का?" सगळे हसले, मीही हसलो. ऐकणारे वाढत होते आणि मी हवेत होतो. खोटं कशाला बोलू?

मी ज्या घरात खोली घेऊन राहायचो, त्या घरची वहिनी बायकांबरोबर भिंतीआड बसून ऐकायची. तिशीही उलटली नव्हती. पदरात दोन मुली. तिला क्षय होता, थुंकीतून रक्त पडायचं. घरच्यांनी तिचं ताट वेगळं केलं होतं आणि आशाही सोडल्यासारखीच होती. एका बुधवारी नेमकं क्षयावरच भाषण लागलं. नव्या गोळ्या निघाल्या आहेत, घरी राहूनही रोगी बरा होऊ शकतो. मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं. पुढे रेडिओ म्हणाला, "दोन-तीन महिन्यांत रोग्याला बरं वाटेल." मी म्हणालो, "तीन महिनामा मानूस बरा व्हई जास!"

ओट्यावर एकच गलका झाला. भिंतीआडून वहिनीचा आवाज आला, "खरं का, गुरुजी?"

"खरं शे वहिनी, एकदम खरं!"

तेवढ्यात पुढचं वाक्य निघून गेलं. मी ते ऐकलं नाही, आणि त्याची रुखरुखही वाटली नाही.

नवरा तिला नंदुरबारच्या दवाखान्यात घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. खोकला कमी झाला, अंग भरलं, ती पुन्हा कापूस वेचायला जाऊ लागली. घरच्यांनी तिचं ताट पुन्हा पंगतीत घेतलं. मला कोण आनंद झाला होता! तीन महिने झाल्यावर ती माझ्या दारात आली. "डॉक्टर वरीसभर गोया खा सांगस. तुम्हीन तर तीन महिना सांगं व्हतं." गोळ्यांनी तिच्या पोटात आग व्हायची. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

मला नक्की माहीत नाही, डॉक्टरांचं ऐका, एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण नाही! चारचौघांत सांगितलेलं मागे घ्यायचं म्हणजे माझं नाक कापलं जाणार. मी शहाणपणा पाजळला, "डॉक्टर जुन्या वळणाचे, वहिनी. रेडिओवरचं ताजं असतं." ती हसली आणि तिने गोळ्या बंद केल्या.

पावसाळा सरता सरता खोकला परत आला. या खेपेला मीही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेलो. डॉक्टर भडकले. "बरं वाटलं म्हणजे रोग गेला असं नसतं! औषध मध्येच सोडलं की रोग दांडगा होतो. कोणी सांगितलं बंद करायला?" रेडिओवर सुटलेलं वाक्य हेच असणार, हे मला तिथल्या तिथे कळलं. वहिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच बंद करी दिन्यात, डॉक्टरसाहेब."

मी गप्प बसलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण गप्प बसलो.

त्याच गोळ्या पुन्हा दिल्या, लागू पडल्या नाहीत. होळीच्या आधी ती गेली. धाकटी मुलगी तेव्हा नीट बोलतही नव्हती.

त्यानंतरच्या बुधवारी ओट्यावर मोजून चार माणसं आली. मी रेडिओ लावलाच नाही. वहिनीचा नवरा येऊन माझ्याजवळ बसला. हलकेच म्हणाला, "रेडिओ लबाड बोलना ना, गुरुजी?"

मी म्हणालो, "हां भाऊ, लबाड बोलना."